पाठीवर तोंड, पोटात पाणी

तुळजापुरात वाढलेल्या पोराच्या मनात भांडं आणि जनावर यांची पहिली गाठ गोमुखापाशी पडते. देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जाताना वाटेत कल्लोळ तीर्थ लागतं, गोमुख तीर्थ लागतं. गोमुखात दगडी गाईच्या तोंडातून पाण्याची धार पडते. आजी मला दंडाला धरून त्या धारेखाली उभी करायची. पाणी गार असायचं, मागे बायकांची रांग असायची, आणि डोक्यावर धार पडायच्या आत मी एकदा वर बघून घ्यायची. लोकांच्या ओल्या हातांनी गुळगुळीत झालेलं ते नाक मला आजही बोटांना आठवतं. एकदा मी विचारलं, हिच्या पोटात एवढं पाणी मावतं कुठं? आजी म्हणाली, "पोट कुठंय तिला? मागं डोंगर आहे की."

हे उत्तर मला फार वर्षं पुरलं. बालाघाटाचा डोंगर हेच त्या गाईचं पोट. पावसाळ्यात तो पितो आणि पुढे ती ओतत राहते.

हे पुस्तक स्वतःचं पोट असलेल्या जनावरांविषयी आहे. तुर्कस्तानात कुंभारांनी जवळजवळ चार हजार वर्षं प्राण्यांच्या आकाराची भांडी केली. बैल, सिंह, हरिण, घोडा, उंट, गरुड, ससा. सगळी मातीची, सगळी आतून पोकळ. भरण्यासाठी पाठीवर किंवा मानेवर एक तोंड आणि ओतण्यासाठी प्राण्याचं स्वतःचं तोंड, अशी त्यांची साधी रचना. मातीचा घोडा खेळणंही असू शकतो आणि भांडंही. फरक ओळखायचा तर पाठ बघायची. पाठीवर तोंड असेल तर तो कुणाची तरी तहान भागवायला केलेला आहे, माणसाची नाहीतर देवाची.

तुळजापुरात बसून तुर्की मडक्यांवर पुस्तक कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघा. मराठीत भांड्याला तोंड असतं, गळा असतो, पोट असतं. घागरीला बूड असतं, कढईला कान असतात, लोट्याला ओठ असतो. कुंभार मडकं घडवतो तेव्हा तो निम्मा प्राणी घडवूनच मोकळा झालेला असतो. पाय आणि डोळे तेवढे राहतात. हा शोध एका देशाचा नाही. ज्याने ज्याने ओल्या मातीचा गोळा पोकळ केला, त्याला तो फुगीर आकार श्वास घेतल्यासारखा दिसला असणार. पण कुठल्या कुंभाराने त्या पोटाला चार पाय लावले आणि कुठल्याने ते तसंच ठेवून त्याची पूजा मांडली, हे मात्र देशोदेशी वेगळं झालं. माझं कुतूहल तिथे आहे.

तुर्कस्तानच्या मध्यभागी, कायसेरी शहराजवळ, कुलतेपे नावाची टेकडी आहे. तिथल्या जुन्या शहराचं नाव कानेश. इसवी सनापूर्वी विसाव्या-एकोणिसाव्या शतकात असिरियाचे व्यापारी गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि कापड लादून इथे येत आणि त्याबदली चांदी-सोनं घेऊन जात. त्यांचा पत्रव्यवहार, कर्जाच्या चिठ्ठ्या, घरगुती भांडणं, सगळं मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं सापडलं. अशा वीस हजारांवर पाट्या तिथून निघाल्या आहेत. तहसीन ओझगुच या पुरातत्त्वज्ञाने 1948 साली तिथे खोदायला सुरुवात केली आणि 2005 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडलं नाही. या घरांमधून आणि थडग्यांमधून प्राण्यांच्या आकाराची भांडी निघाली. बसलेला सिंह, मान वळवलेलं हरिण, गरुड, अगदी गोगलगायसुद्धा. हिशेबाच्या पाट्या आणि सिंहाचा पेला एकाच घरात नांदत होते, ही गोष्ट मला फार आवडते. दिवसभर व्याजाचे आकडे मांडणारा माणूस संध्याकाळी देवापुढे बसायचा तेव्हा त्याला साधा पेला पुरत नव्हता.

पण या सगळ्यांत माझा जीव अडकला तो दोन बैलांत. पुढचे हित्ती राजे ज्या हत्तुशा नगरीतून राज्य करत, तिथे हे दोन बैल सापडले. आज ते अंकाराच्या अनातोलियन संस्कृती संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकातले, म्हणजे साडेतीन हजार वर्षांचे. प्रत्येकाची उंची सुमारे 90 सेंटीमीटर; शेजारी उभं राहिलं तर आपल्या कमरेला लागतील. लाल मातीचे, घोटून चकचकीत केलेले. खांद्याच्या वर भरण्यासाठी गोल तोंड आहे, आणि ओतलेलं बाहेर पडतं ते नाकपुड्यांतून. ते पावसाच्या, वादळाच्या देवाचे बैल मानले जातात. देवाच्या गाड्याला जुंपलेली जोडी. त्यांना नावंही आहेत: शेरी आणि हुरी.

ती नावं वाचली त्या दिवशी मला सर्जा-राजा आठवले. आमच्या भागात बैलांना जोडीनेच नावं ठेवतात. एकट्या बैलाचं नाव कानाला अर्धवट वाटतं. आणि पाऊस. धाराशिव जिल्हा पावसाच्या बाबतीत कायम उधारीवर जगत आला आहे. मृगाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, की पावसाच्या देवाचा गाडा बैलच ओढणार. ढगांचा गडगडाट आणि दगडी चाकोरीतून जाणाऱ्या गाडीचा खडखडाट यांतलं साम्य अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या, कोरड्या पठारावर राहणाऱ्या माणसाने ऐकलं तसं आपल्याकडेही ऐकलं गेलं असेल. त्याने बैलाच्या नाकातून पाणी पाडलं. आपण काय केलं?

आपण पोळा केला. श्रावणी अमावस्येला ज्याच्या दावणीला बैल आहे तो त्यांना धुतो, आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो. ज्याच्याकडे बैल नाही तो कुंभाराकडून मातीची जोडी आणतो. माझ्या लहानपणी पोळ्याच्या आधी तुळजापूरच्या बाजारात कुंभारणी टोपल्यांत हे बैल घेऊन बसायच्या, भाताच्या पेंढ्यात एकमेकांना चिकटून. एक बैल घडायला किती वेळ लागतो ते मी नंतर बघितलं. मुठीत मावेल एवढा गोळा, दोन्ही तळव्यांत तो लांबट करायचा, चार ठिकाणी चिमटून पाय काढायचे, मानेमागे अंगठ्याने दाब देऊन वशिंड उभं करायचं, मग दोन बोटांनी शिंगं. दोन-तीन मिनिटांत बैल तयार. चेहऱ्यावर डोळे नसले तरी चालतं, पण वशिंड पाहिजेच. वशिंड नसेल तर पोरंसुद्धा त्याला कुत्रं म्हणतात.

हे बैल भरीव असतात. त्यांच्या पोटात काही नसतं आणि कुणाला काही ठेवायचंही नसतं. बहुतेक वेळा ते भाजलेलेही नसतात. उन्हात वाळवून, चुना नाहीतर रंग फासून विकायला येतात. पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला, की त्यांचं काम संपलं. काही घरांत ते कौलांवर ठेवतात. एक चांगला पाऊस आला की मातीची माती होते. हित्ती बैल पाऊस ओततो. आमचा बैल पावसात विरघळतो.

या फरकावर मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे प्राण्याच्या आकाराचं भांडं मातीत फारसं रुजलं नाही याचं कारण कारागिरीत नाही, शिवाशिवीत आणि धुण्या-घासण्यात आहे. मातीचं भांडं आपल्या घरात कायमचं कधीच नव्हतं. सुतक फिटलं की मडकी बदलायची. ग्रहण सुटलं की पाणी ओतून द्यायचं, जमलं तर माठही नवा घ्यायचा. संक्रांतीची सुगडं एका सणाची, अक्षय तृतीयेची करा-केळी एका सणाची. माणूस गेला की खांद्यावरून पाणी गाळत फिरवायचं ते मडकंच, आणि शेवटी ते फोडायचं. जे भांडं उद्या फोडायचं आहे किंवा पाण्यात सोडायचं आहे, त्याच्यावर महिनाभर बसून कोण आयाळ कोरणार? धातूचं भांडं मात्र चिंच-राखेने घासलं की शुद्ध. म्हणून आपल्याकडचा प्राणी मातीतून उठला आणि पितळेत जाऊन बसला.

तिथे मात्र त्याची चंगळ झाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, करंडे आणि अडकित्ते बघत एक दिवस घालवावा. दिनकर केळकर हे कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. घराघरांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून त्यांनी या वस्तू जमवल्या. ओताऱ्याने मेणात घडवून पितळेत ओतलेले मोर आणि पोपट तिथे कुंकू, अत्तर, तेल सांभाळत बसले आहेत. लामणदिव्याच्या साखळीवर पक्षी असतो, समईच्या टोकावर हंस असतो. प्राणी आणि भांडं यांची सोयरीक आपल्याला परकी नव्हती. ती आपण वेगळ्या घरी लावून दिली.

आणि गोष्टींतही ती होती. झारीतले शुक्राचार्य आपण रोज कुणाला ना कुणाला म्हणतो. बळी दान देणार, हातावर पाणी सोडणार, तेवढ्यात शुक्राचार्य सूक्ष्म होऊन झारीच्या तोटीत शिरले आणि धार अडली. वामनाने दर्भाची काडी घातली आणि शुक्राचार्यांचा डोळा गेला. मला ही गोष्ट भांड्यांच्या बाजूने वाचायला आवडते. भांड्याच्या आत कुणीतरी जिवंत आहे, आणि पाणी बाहेर येतं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे, ही कल्पना या गोष्टीच्या पोटात आहे. नाकपुड्यांतून पाणी सोडणारे बैल घडवणाऱ्याला ती चटकन कळली असती.

आता धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरकडे वळते. तुळजापूरहून धाराशिवला जायचं आणि तिथून तेर्णा नदीच्या काठी. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी तगराचं नाव घेतो आणि ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे असं सांगतो. इथलं कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून रोमन साम्राज्याच्या बाजारात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर या गावात शेतांतून, नदीच्या दरडींतून निघालेल्या वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे आहे. पांढऱ्या बारीक मातीच्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या लहान आकृत्या तिथे बघायला मिळतात. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि दोन्ही अर्धे भाग कडेला जोडलेले. अशी आकृती आतून पोकळ राहते. हे तंत्र रोमन व्यापाराबरोबर आपल्याकडे आलं असावं असं अभ्यासक मानतात.

म्हणजे तगराच्या कुंभाराला पोकळ प्राणी करता येत होता. त्याच्या हातात ते कौशल्य होतं, त्याच्या ओळखीत भूमध्य समुद्राकडचे व्यापारी होते. त्याच्याही आधी, प्रवरेच्या काठी दायमाबादला 1974 साली सापडलेले ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ बघा. चारही मिळून 60 किलोंच्या वर भरतात. ते मात्र ठोस, भरीव आहेत. पोकळ करायची सोय होती तरी आपला माणूस जनावराच्या पाठीला भोक पाडायला तयार नव्हता, असं मला या वस्तूंपुढे उभं राहिल्यावर वाटत आलं आहे.

तेरच्या मातीच्या मूर्तींत सर्वांत गाजलेली आहे ती लज्जागौरी. रा. चिं. ढेरे यांनी 1978 मध्ये 'लज्जागौरी' हा ग्रंथ लिहून या देवीचा माग काढला. डोक्याच्या जागी कमळ, आणि सगळं लक्ष पोटाकडे, जननाकडे. अशा काही मूर्तींत देवीचं शरीर आणि भरलेला कुंभ यांत फरकच उरत नाही. नवरात्रात तुळजापुरात घट बसतात तेव्हा मला ही मूर्ती आठवते. परडीत माती, मातीत धान्य, त्यावर पाण्याने भरलेलं मडकं, आणि नऊ दिवसांत त्याच्याभोवती उगवलेले पिवळे-हिरवे कोंब. इथे मडक्याला पाय लावावे लागत नाहीत, डोळे काढावे लागत नाहीत. ते मडकं म्हणूनच देवी आहे. अनातोलियाच्या कुंभाराला भांड्यात बैल दिसला, आमच्या कुंभाराला आई दिसली. दोघांनाही पोटच दिसलं होतं.

या तेरमध्येच गोरोबाकाका झाले. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातला हा कुंभार संत. संतांच्या मेळ्यात कोण कच्चं आणि कोण पक्कं हे त्यांनी थापटण्याने डोकी ठोकून तपासलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा महाराष्ट्रातल्या पोराला पाठ असते. थापटणं म्हणजे लाकडी चपटं हत्यार. चाकावरून उतरवलेलं ओलं मडकं आतून दगडी गोळ्याचा आधार देत बाहेरून या थापटण्याने ठोकून फुगवतात. आवाजावरून जाडी कळते. ही गोष्ट मी इथे सांगते कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

तुर्कस्तानकडे परत येते. हित्तींनंतरची शतकं मी भरभर ओलांडते, कारण पुस्तकात त्यांना जागा दिली आहे. इझनिकच्या निळ्या-लाल फुलांच्या थाळ्या जगभर गाजल्या, पण त्या सुलतानांच्या पदरच्या कलावंतांच्या. या पुस्तकाचा उत्तरार्ध ज्या गावावर आहे ते त्यामानाने गरीब, समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीवरचं गाव: चनक्कले. तुर्की भाषेत 'चनक' म्हणजे मातीचं भांडं आणि 'कले' म्हणजे किल्ला. आपल्याकडे किल्ल्याला सिंहाचं नाव मिळालं, दौलतीचं मिळालं. मडक्यांचं नाव मिळालेला किल्ला आपल्याकडे मला आठवत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या कुंभारांनी लाल मातीची जाड, झिलई दिलेली भांडी केली. दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून जाणारी जहाजं वाऱ्याची वाट बघत इथे थांबायची आणि खलाशी घरच्यांसाठी काहीतरी विकत घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात या खलाशांसाठी सिंह, उंट, घोडे घडू लागले. सर्वांत ओळखीची झाली ती घोड्याच्या तोंडाची सुरई. खाली फुगीर पोट, वर उंच गळा, आणि गळ्याच्या टोकाला घोड्याचं डोकं. अंगावर चिकटवलेली मातीची फुलं, हिरवी नाहीतर तपकिरी झिलई, आणि काहींवर वरून सोनेरी रंग.

कलेचे जाणकार या सुरयांकडे फार दिवस नाक मुरडून बघत. बाजारू म्हणत. अंतल्याच्या सुना-इनान किराच संग्रहालयाने त्या जपल्या आणि मांडल्या, तेव्हा लोक थांबून बघायला लागले. मला त्या घोड्यांत बाजारूपणा दिसत नाही. डोळे जरा जास्तच उघडे, कान टवकारलेले, फुलं थोडी जास्त झालेली: पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावताना आपण जसं म्हणतो "अजून एक लाव", तसा त्या कुंभाराचा हात थांबलेला नाही. खलाशाला काय आवडेल याचा अंदाज त्यात आहे, आणि त्याहून जास्त, स्वतःला आवडतंय म्हणून केलेलं आहे. बाजारासाठी घडवलेल्या वस्तूत प्रेम नसतं, असं म्हणणाऱ्याने पोळ्याच्या बाजारात कधी बैल निवडलेला नसावा.

तुळजापूर तालुक्याला तुर्कस्तानशी जोडणारा एक धागा इतिहासातही आहे, जरी तो कच्चा आहे. तालुक्यातला नळदुर्ग आदिलशाहीत वाढवला गेला. या घराण्याचा मूळपुरुष यूसुफ आदिलशहा हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा होता, आईने त्याला वाचवण्यासाठी बाहेर पाठवलं, असं फरिश्त्याने लिहून ठेवलं आहे. इतिहासकारांचा त्यावर विश्वास बसत नाही. माझाही नाही. पण याच घराण्यातल्या दुसऱ्या इब्राहिमने 1613 मध्ये नळदुर्गात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, हे आपण जाऊन बघू शकतो. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत खोलीत उभं राहिलं की वरून नदी जाते आणि आपण कोरडे. पाण्याने भरलेल्या भांड्याच्या आत उभं राहिल्यासारखं वाटतं. याच काळातल्या दख्खनी कारागिरांनी मोराच्या, सिंहाच्या आकाराची धूपपात्रं ओतली. त्यांच्या अंगावरच्या छिद्रांतून धूर निघायचा. पाणी नाही तर धूर, पण प्राण्याच्या पोटात काहीतरी भरायचं आणि ते त्याच्या श्वासासारखं बाहेर सोडायचं, ही कल्पना दख्खनमध्ये अशी धातूतून जगत होती.

आता शेवटचा प्रसंग. तो सांगितल्याशिवाय हे पुस्तक कसं झालं ते कळणार नाही.

हित्ती बैलांची छायाचित्रं घेऊन मी एका वयस्कर कुंभाराकडे गेले. त्यांचं नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून मी त्यांना नुसतं काका म्हणते. ते तळ्याच्या गाळाची माती आणतात, त्यात लीद आणि राख मिसळतात, पायांनी तुडवतात. मी म्हटलं, काका, असा एक बैल करून द्या, पाणी ओतणारा. त्यांनी छायाचित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग विचारलं, "पाणी कुठून पडतं याच्या?" मी नाकपुड्या दाखवल्या. त्यांनी छायाचित्र खाली ठेवलं.

"ताई, बैलाच्या नाकातून पाणी गळाया लागलं की आम्ही डॉक्टर बोलावतो. आजारी बैल कोण घडवंल?"

साडेतीन हजार वर्षांत त्या बैलांबद्दल असं कुणी म्हटलं असेल का, मला माहीत नाही. पण मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा त्या वाक्याने मला जास्त शिकवलं. त्यांच्यासाठी तो बैल आधी बैल होता, मग भांडं. आम्ही तडजोड केली. धार तोंडातून पडेल, गोमुखासारखी. आणि भरायचं तोंड कुठे ठेवायचं हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. "वशिंडात," ते म्हणाले. "वशिंड आहेच वर. त्यालाच तोंड करू." हित्ती बैलांना खांद्यावर तोंड आहे, आणि आपल्या बैलाला नेमकं तिथेच वशिंड असतं, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

पहिला बैल आव्यात फुटला. चूक माझी. पोळा जवळ आला होता, मी घाई केली, आणि आठ दिवस सावलीत वाळायचा तो चार दिवसांत आव्यात गेला. मांड्यांपाशी माती जाड होती, आत ओल राहिली, आणि गोवऱ्या-तुराट्यांनी पेट घेतल्यावर वाफेने पाय उडाला. आतून आवाज आला तो काकांनी ऐकला आणि काही बोलले नाहीत. सकाळी राख बाजूला करून त्यांनी तुकडे माझ्या पदरात दिले. ते मी ठेवले आहेत.

दुसरा त्यांनी त्यांच्या सवडीने केला. पोट चाकावर, मडक्यासारखं. मग ते आडवं करून थापटण्याने हळूहळू लांबवलं, दर दोन-चार ठोक्यांनी कान लावून आवाज ऐकत. पाय वेगळे, पोकळ नळ्यांसारखे वळून पातळ गाऱ्याने जोडले. पायांत आणि पोटात सुईएवढ्या वाटा ठेवल्या, वाफ जायला. मान घडवताना त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. डोळ्यांसाठी त्यांनी मक्याचा दाणा दाबला. या खेपेला बैल पंधरा दिवस घरात आतल्या भिंतीला ठेवला, आणि मी विचारायला गेले नाही. भाजून निघाला तेव्हा त्याचा एक कान जरा काळा होता, बाकी लालभडक.

पोळा होऊन गेला होता. तरी काकूंनी त्याला कुंकू लावलं. काकांनी तांब्याने वशिंडातून पाणी भरलं, हळूहळू, वर बुडबुडे येईपर्यंत. मग दोन्ही हातांनी बैल उचलून पुढे कलवला. आधी काहीच आलं नाही. आत कुठेतरी हवा अडली होती, एखादा शुक्राचार्य बसला असावा. मग घशात खाकरल्यासारखा आवाज झाला आणि बैलाच्या तोंडातून बारीक, सरळ धार पडली. अंगणातल्या तुळशीच्या आळ्यात त्यांनी ती सोडली. बैल रिकामा झाला असं वाटून मी हात पुढे केला, पण त्यांनी तो दिला नाही. कानाशी नेऊन हलवला. आत गुडगुडलं.

"थांबा," ते म्हणाले, "पोटात आहे अजून."